आधी नळी फिरवायला शिका : काचकामात कलाकार आणि शिक्षक म्हणून उभं राहायचं असेल तर

"मॅडम, ग्लासब्लोइंगमध्ये करिअर करायचंय, कोर्स कुठे आहे?" असं विचारणारे फोन हल्ली बरेच येतात. माझं उत्तर ठरलेलं असतं : आधी नळी फिरवायला शिका. समोरच्याला वाटतं, बाई टाळतायत. मी टाळत नसते. या कामातलं पुढचं सगळं, म्हणजे दुरुस्तीचे पैसे, प्रदर्शनातली फुलं, समोर बसलेले विद्यार्थी, त्या फिरवण्यावरच उभं राहतं. म्हणून आता एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मी तळेगाव दाभाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम करते. बर्नरच्या ज्योतीपुढे बसून बावीस वर्षं झाली. आठवड्यातले तीन दिवस प्रयोगशाळांच्या काचसामानाचे, दोन दिवस माझ्या स्वतःच्या कामाचे, आणि शनिवार-रविवार शिकवण्याचे.

सुरुवात एका फुटलेल्या सॉक्सलेटने, म्हणजे पदार्थातला अर्क काढायच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्याने, झाली. एम.एस्सी.ला असताना माझ्या हातून त्याची सायफनची नळी मोडली. विभागाच्या तळघरात ग्लासब्लोइंग सेक्शन होता आणि तिथल्या कारागिरांना सगळे मामा म्हणत. रडवेली होऊन मी ते भांडं त्यांच्यापुढे धरलं. मामांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, मोडकी टोकं ज्योतीत मऊ केली, नवा तुकडा जोडला. ती बारीक नळी मऊ होऊन लोंबायला लागली तशी त्यांनी भांडं बाहेर घेतलं, क्षणभर थांबले आणि तोंडातल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घातली. लोंबणारी काच जागच्या जागी सावरली. मी म्हटलं, "मामा, मला शिकवाल?" ते म्हणाले, "पोरी, आधी हे कर," आणि काचेच्या दोन नळ्या मध्ये कापडाच्या पट्टीने बांधून माझ्या हातात दिल्या.

तो सराव मी आजही प्रत्येकाला देते. साधारण १२ मिलिमीटर जाडीच्या, वीतभर लांबीच्या दोन नळ्या घ्या. कडा बोथट वाटल्या तरी घासून घ्या, नाहीतर हात कापेल. दोन्ही टोकं सैलसर सुती कापडात गुंडाळून दोऱ्याने बांधा, मध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा. डावा हात वरून, तळवा जमिनीकडे. उजवा हात खालून, तळवा आपल्याकडे. आता दोन्ही नळ्या एकाच दिशेला, एकाच वेगाने फिरवा. कापडाला पीळ पडला तर एक हात पुढे पळतोय. कापड ताणलं तर तुम्ही नकळत ओढताय. चुरगळलं तर ढकलताय. मऊ झालेली काच अगदी या कापडासारखीच वागते, फक्त ती चूक लगेच गोठवून ठेवते. रोज वीस मिनिटं, गप्पा मारताना, बातम्या ऐकताना. मला सात आठवडे लागले. एका मुलाला तीन लागले, तो तबला वाजवत होता.

भट्टी की ज्योत

ग्लासब्लोइंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लांब फुंकनळी आणि धगधगती भट्टी येते. ते खरंच आहे, पण तो काचकामाचा एक प्रकार. त्यात काच ११०० अंशांच्या आसपास वितळलेली ठेवावी लागते, भट्टी रात्रंदिवस पेटती असते, आणि मोठा नग एकट्याने होत नाही. एक जण फुंकनळी धरतो, दुसरा फुंकतो, तिसरा पुढचा गोळा आणतो. अमेरिकेत १९६२ साली हार्वे लिटलटन या कलाशिक्षकाने टोलेडोच्या कलासंग्रहालयात छोट्या भट्टीच्या कार्यशाळा घेतल्या, त्यानंतर कारखान्याबाहेर एकेकट्या कलाकाराने काच करायची वाट रुंदावली. तरीही भट्टी म्हणजे खर्च आणि माणसं. प्रसिद्ध अमेरिकन काचकलाकार डेल चिहुली यांचा एक डोळा १९७६ च्या अपघातात गेला, पुढे खांदाही दुखावला, आणि त्यांनी स्वतः फुंकनळी धरणं सोडलं. त्यानंतरची त्यांची अवाढव्य कामं त्यांच्या देखरेखीखाली त्यांच्या चमूने केलेली आहेत. चमू असेल तर भट्टी.

एकट्याने, भाड्याच्या जागेत, महाराष्ट्रात सुरुवात करायची असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : ज्योतीचं काम शिका. टेबलावर बर्नर, हातात काचेची नळी किंवा कांडी. हवी तेव्हा पेटवा, काम संपलं की बंद करा. ज्योतीच्या कामाला कोणी कमी लेखलं तर त्याला ब्लाश्का पिता-पुत्रांची फुलं दाखवा. लिओपोल्ड आणि रूडॉल्फ ब्लाश्का यांनी जर्मनीत ड्रेस्डेनजवळ बसून हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेच्या वनस्पती केल्या. १८८७ पासून १९३६ पर्यंत, चार हजारांहून जास्त नमुने. पाकळ्यांच्या शिरा, परागकण, सगळं. बाप १८९५ ला गेला, मुलगा एकटा करत राहिला, आणि त्याच्यामागे ते काम पुढे नेणारं कोणी नव्हतं. या शेवटच्या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. मी शिकवायला लागले त्यामागे हे एक कारण आहे.

काच कोणती घ्यायची हेही इथेच ठरवा. बाटल्या-बांगड्यांची सोडा काच लवकर मऊ होते, पण तापमान बदललं की जास्त प्रसरण पावते आणि तडकते. प्रयोगशाळेची बोरोसिलिकेट काच, जिला आपण सरसकट 'बोरोसिल काच' म्हणतो, ती त्या मानाने जवळजवळ एक तृतीयांशच प्रसरण पावते. म्हणून ती ज्योतीतले झटके सहन करते. मात्र तिला मऊ व्हायला ८२० अंशांच्या वर जावं लागतं आणि नीट काम करायला त्याहून बरंच जास्त, त्यामुळे गॅसबरोबर ऑक्सिजन लागतोच. या दोन काचा एकमेकींना कधीही जोडू नका. मी सुरुवातीला एका निळ्या बाटलीचा तुकडा बोरोसिलच्या फुलदाणीला लावला होता. रात्री सुंदर दिसत होता. सकाळी चहा करत असताना शेडमधून 'टिंग' असा आवाज आला, जाऊन पाहिलं तर तुकडा टेबलावर आणि फुलदाणीला वरपासून खालपर्यंत चीर.

पहिलं वर्ष : नळी, टोक, जोड

नळी कापणं. फाईलची धार ओली करून एकच छोटी चीर द्या, करवतीसारखं घासू नका. चिरेच्या मागच्या बाजूला दोन्ही अंगठे ठेवा, ओढत ओढत किंचित वाकवा. स्वच्छ तुटते. हात थरथरत असतील तर रुमाल गुंडाळा.

मग टोकं ओढणं. नळी फिरवत मधोमध तापवा, मऊ झाली की ज्योतीबाहेर काढा, एक श्वास थांबा आणि फिरवतच सावकाश ओढा. दोन्ही बाजूंना निमुळती, सरळ शेपटी यायला हवी. ती नळीच्या मध्यावर आली नाही, एका बाजूला झुकली, म्हणजे कापडाचा सराव कमी पडला. मामांनी माझ्याकडून अशी टोकं दोन महिने ओढून घेतली आणि रोज संध्याकाळी ती पुन्हा वितळवण्याऐवजी डब्यात जपून ठेवायला सांगितली. पहिल्या आणि साठाव्या दिवसाचं टोक शेजारी ठेवलं की शिकवणाऱ्याला काही बोलावं लागत नाही.

जोडाला जास्त वेळ द्या. दोन नळ्यांची तोंडं एकदम तापवली, लाल-केशरी झाली, की अलगद टेकवा आणि लगेच केसभर मागे ओढा. आता जोडावर एक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे आत दडलेली घडी, आणि पुढचा तडा तिथूनच जातो. ती घालवायची : बारीक ज्योतीने जोड तापवायचा, काच आत आक्रसते, भिंत जाड होते, बाहेर काढायचा, फुंकायचं, पुन्हा तापवायचा, पुन्हा फुंकायचं. रेघ दिसेनाशी होईपर्यंत. इथे एक गुपित आहे आणि ते मला फार उशिरा कळलं. ज्योतीतून काढल्या काढल्या फुंकलंत तर पातळ जागा आणखी पातळ होऊन फुगा येतो. अर्धा-एक क्षण थांबलात तर पातळ जागा आधी निवते, जाड जागा अजून मऊ असते, आणि फुंकर जाड जागेलाच फुगवते. भिंत आपोआप सारखी होते. मामा सॉक्सलेट बाहेर काढून थांबले होते ते यासाठी. आणि फुंकर गालातून द्यायची, छातीतून नव्हे. गरम वरणभाताच्या घासावर घालतो ना, तेवढीच.

काच किती तापली आहे हे शब्दांत सांगणं अवघड जातं. तिला बर्फासारखा वितळण्याचा एक ठराविक बिंदू नसतो, ती हळूहळू सैल होत जाते. मी पाकाची भाषा वापरते. टोक ओढायला एकतारी पाक, वाकवायला गोळीबंद, जोडाला त्यांच्या मधला. लाडू-चिक्कीचा पाक केलेल्या विद्यार्थ्याला हे एका वाक्यात समजतं. ज्यांनी केला नाही त्यांना मी शेगडीवर साखर देऊन करायला लावते.

निववणं

तयार नग तसाच टेबलावर ठेवला तर बाहेरून निवतो, आत ताण धरून बसतो आणि आठवड्याने, महिन्याने विनाकारण फुटतो. म्हणून ॲनिलिंग. बोरोसिलसाठी भट्टी ५६० अंशांच्या आसपास ठेवायची, नगाच्या जाडीप्रमाणे तिथे धरायचं, मग ५०० च्या खाली येईपर्यंत अगदी सावकाश उतरवायची. त्यासाठी काच वितळवायची मोठी भट्टी लागत नाही; साधी मफल भट्टी, म्हणजे विजेवर तापणारी बंद पेटी, आणि तापमानाचा कंट्रोलर एवढ्याने भागतं. ती घेईपर्यंत विकायला काही काढू नका. दोन पोलरायझिंग फिल्मच्या (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या) मध्ये नग धरून पाहिला की राहिलेला ताण उजळ पट्ट्यांसारखा दिसतो. ही तपासणी मी प्रत्येक नगाची करते.

ज्योतीपुढची शिस्त

पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. गॅस आणि ऑक्सिजनच्या दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारी झडप, बसवा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, १९ किलोचा व्यावसायिक घ्या, आणि सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. डिडिमियमचा चष्मा हवाच : तापलेल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा भगभगाट तो अडवतो आणि काच नेमकी कुठे मऊ झाली ते दिसतं. मोठं काम तासन्‌तास करणार असाल तर अवरक्त किरण अडवणारी गडद काच घ्या. ऑक्सिजनच्या तप्त ज्योतीतून नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. डोकं दुखणं, घसा खवखवणं याला 'सवय होईल' म्हणू नका, डोक्यावर धूर ओढणारा पंखा लावा. काच घासायची ती नेहमी पाण्याखाली.

तापलेली काच थंड काचेसारखीच दिसते. म्हणून गरम नगाची जागा टेबलावर एकच आणि ठरलेली. पडणारा नग झेलायचा नाही, कितीही मेहनतीचा असो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

पोट कशावर भरायचं

पहिली सहा वर्षं माझं घर दुरुस्तीवर चाललं. महाविद्यालयं, औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा, सगळीकडे कंडेन्सर (वाफ थंड करायच्या नळ्या) मोडतात, बी-२४ मापाचे, एकात एक बसणारे घासीव जॉइंट तडकतात, फ्लास्कला जास्तीचं तोंड लावून हवं असतं. रसायनशास्त्राची पदवी असेल तर उपयोग होतो, कारण समोरच्याला काय हवंय ते त्याच्याआधी आपल्याला कळतं. एक नियम पाळा : आत काय होतं हे लिहून दिल्याशिवाय आणि धुऊन पूर्ण कोरडं केल्याशिवाय कोणतंही भांडं ज्योतीत धरू नका. सॉल्व्हंटची वाफ आत राहिली असेल तर स्फोट होतो. दोन्ही बाजूंनी बंद असलेलं भांडं तर नाहीच.

दुरुस्तीला दुय्यम समजू नका. माझी सगळी कला तिथल्या हातावर आली. कास पठारावर पावसाळ्यात 'दवबिंदू' नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती उगवते. पानावर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. ती काचेत करायला मला चार वर्षं लागली. केसाइतकी बारीक काडी ओढायची, आणि तिचं टोक फक्त ज्योतीच्या कडेला दाखवायचं. काच स्वतःच्या पृष्ठताणाने आपोआप गोळा होते, टोकाला थेंब उभा राहतो. क्षणभर जास्त झालं की थेंब मागे सरकत काडीच गिळून टाकतो. एका पानावर असे साठ-सत्तर. हा क्षण मला ओळखता आला, कारण त्याआधी हजारो जॉइंट याच हातांनी केले होते.

किंमत लावताना ज्योतीतला वेळ, गॅस, ऑक्सिजन, भट्टीची वीज, पॅकिंग आणि फुटलेले नग सगळं धरा. फुटलेल्यांची मी वही ठेवते. दवबिंदूंची सुरुवातीची पानं पाचातली तीन जात, तर विकल्या जाणाऱ्या दोघांनी त्या तिघांचा खर्च उचलायला हवा. आणि लेखी ऑर्डर, निम्मी आगाऊ रक्कम. एका सजावटवाल्यांनी माझ्याकडून चाळीस दिव्यांच्या काचा करून घेतल्या, चौदा नेल्या आणि उरलेल्या 'डिझाइन बदललं' म्हणून नाकारल्या. तोंडी व्यवहार होता. त्या सव्वीस काचा अजून शेडच्या माळ्यावर आहेत. त्या वर्षी मी दिवाळीत भट्टीचा हप्ता भरू शकले नाही.

शिकायला कुठे जायचं? अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, सिरॅमिक आणि काच डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कोलकात्यात काच आणि सिरॅमिकची केंद्रीय संशोधन संस्था आहे. परदेशी जाणं जमत असेल तर न्यू जर्सीचं सेलम कम्युनिटी कॉलेज वैज्ञानिक काचकाम शिकवतं. कलेसाठी अमेरिकेतल्याच कॉर्निंगच्या काचसंग्रहालयाचा स्टुडिओ आणि चिहुलींनी १९७१ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सुरू केलेली पिलचक ही काचकलेची शाळा आहे. उत्तर प्रदेशात बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिरोजाबादला मात्र प्रत्येकाने एकदा जाऊन यावं. मी अकरा दिवस राहिले. भट्टीवरच्या माणसांचा वेग पाहिला, आणि घराघरात बायका बांगड्यांची टोकं ज्योतीवर जुळवताना पाहिल्या. त्याला तिथे जुडाई म्हणतात. तसा बिनचूक हात मी कोणत्याही संस्थेत पाहिलेला नाही. पण या सगळ्याआधी तुमच्या शहरातल्या जुन्या विद्यापीठाच्या तळघरात एखादे मामा अजून बसत असतील तर त्यांना शोधा. त्यांच्या निवृत्तीनंतर बऱ्याच ठिकाणी ती जागा भरली जात नाही.

शिकवायला कधी लागायचं

लोक म्हणतात, आधी मोठा कलाकार हो, मग शिकव. मला हे पटत नाही. जोड नीट जमायला लागला की एका तरी माणसाला तो शिकवा. आपला हात काय करतो हे आपल्याला माहीत नसतं. शेजारच्याची नळी वाकडी का झाली हे सांगताना ते पहिल्यांदा कळतं. ज्योतीबाहेर थांबण्याचं ते गुपित मला एका विद्यार्थिनीला तिचा फुगा का फुटतो हे समजावताना शब्दांत सापडलं. मामा ते करत होते, पण त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, बहुधा त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नसावं.

तळेगावकर म्हणून मला आणखी एक अभिमान आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा केला, लोकमान्य टिळकांनी पाठीशी उभं राहून बळ दिलं, आणि १९०८ मध्ये इथे पैसा फंड काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. माल काढण्याइतकंच माणसं शिकवून तयार करणं हा त्या कारखान्याचा हेतू होता.

माझ्या वर्गात एका वेळी चारच जण असतात, कारण मला दोन पावलांत प्रत्येकाच्या बर्नरपर्यंत पोचता यायला हवं. सोळा वर्षांखाली कोणी नाही. पहिल्या दिवशी ज्योत पेटत नाही : नळी कापणं, कापडाचा सराव, आणि सिलिंडर उघडणं-बंद करणं, डोळे मिटून जमेपर्यंत. मी शेजारी बसते, समोर नाही. समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं होतं आणि हात गोंधळतो. माझे फुटलेले नग मी त्यांना दाखवते आणि तडा कुठून सुरू झाला ते शोधायला लावते. शाळांत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला गेले तर सोडा काचेचा वितळलेला थेंब पाण्यात टाकते. तो गोठून जाड डोकं आणि बारीक शेपटी तयार होते. डोकं हातोडीने फुटत नाही, पण शेपटी मोडली की सगळा थेंब भुकटी होतो. सगळ्यांना चष्मे घालून, पारदर्शक पेटीत. निववलेली आणि न निववलेली काच यातला फरक त्या एका आवाजाने कळतो. बोरोसिलने हा प्रयोग नीट होत नाही, त्यासाठी सोडा काचच न्या.

फी घ्या. फुकट शिकवलं की लोक तिसऱ्या शनिवारी येत नाहीत. ज्याला परवडत नाही त्याच्याकडून मी शेड झाडून घेते, नळ्या कापून घेते, आणि तो बाकीच्यांपेक्षा लवकर शिकतो, कारण काच त्याच्या हातात जास्त वेळ असते.

कोणाकडेही शिकायला जाणार असाल तर सुती कपडे, बंद बूट, केस घट्ट बांधलेले, ओढणी नाही, नायलॉन नाही. पोटभर खाऊन जा, रिकाम्या पोटी ज्योतीपुढे हात थरथरतात. आणि कापडाने बांधलेल्या त्या दोन नळ्या सोबत न्या. शिकवणारा काही विचारण्याआधी त्या फिरवून दाखवा.